एकदा दाबलं की थांबायचं

तिसऱ्या कुंडाच्या वरच्या कपारीवर पोचल्यावर लेनवर्थनं सवयीनं मागं वळून पाहिलं, तर त्याच्या उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती आणि मुठीत कुणीच नव्हतं. जिचा हात तिथं असायला हवा होता ती बाई सहा-सात टप्पे खाली, मांडीएवढ्या पाण्यात, एका दगडाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिच्यामागं तिची बहीण, बहिणीमागं एक दाढीवाला आडदांड गृहस्थ, आणि त्याच्यामागं बाकीची सतरा-अठरा माणसं, एकमेकांचे हात धरून, सगळीच्या सगळी वर बघत. म्हणजे एवढे टप्पे आपण नुसती मूठ ओढत वर आलो, हे त्याच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. बरं, मूठ अजूनही उघडत नव्हती. बोटं अशी आवळलेली होती, जशी काही आत खरंच कुणाची पाच बोटं आहेत. मग तो दाढीवाला मोठ्यानं हसला, आणि त्याच्या हसण्यानं सगळ्यांनाच परवानगी मिळाल्यासारखं झालं. सेंट अ‍ॅनच्या त्या धबधब्यावर पर्यटकांना हात धरून वर नेणारे लेनवर्थसारखे वाटाडे पूर्वी ही थट्टा नेहमी करायचे. मध्येच हात सोडायचा, हवेतच कुणाला तरी ओढत असल्याचं नाटक करत वर जायचं, मग मागं वळून डोळे विस्फारायचे. पर्यटक आधी किंचाळायचे आणि मग पोट धरून हसायचे. लेनवर्थनं ही थट्टा बारा-तेरा वर्षांपूर्वीच सोडून दिली होती. पण आता समोर वीस माणसं हसत होती, आणि त्यांच्या हसण्यात लपायला भरपूर जागा होती. त्यानं डोळे विस्फारले. रिकामी मूठ उंच धरून कमरेत वाकून मुजरा केला.

तो खाली उतरणार तेवढ्यात त्या बाईनं दगड सोडला आणि एकटीच वर यायला लागली. बहीण ओरडली, थांब, थांब म्हणाली, पण बाई काही थांबली नाही. वाकून, दगडांना हात लावत, पाण्याच्या फटकाऱ्यात डोळे मिचकावत, ते सगळे टप्पे ती चढली आणि त्याच्यासमोर येऊन धापा टाकत उभी राहिली. सत्तरीची असेल. मिसेस लिंडग्रेन, असं तिच्या छातीवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेलं होतं आणि ते पाण्यानं अर्धं पुसलं होतं. लेनवर्थनं डावा हात पुढं केला. तिथून शेवटपर्यंत सगळी वाट त्यानं डाव्या हातानंच काढली, अंग वळवून, खेकड्यासारखा तिरपा चालत. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. गळ्यात त्यांचे अकरा कॅमेरे लोंबत होते आणि ते एकमेकांवर आपटत होते. दर कुंडाशी तो बेटाच्या बोलीत ओरडत होता, सगळे म्हणा, या मॉन, म्हणजे होय गड्या, आणि सगळे म्हणत होते, या मॉन. तो आवाज त्याच्या गळ्यातून आपोआप निघत होता. एकतीस वर्षं निघत आलेला होता, त्याला लेनवर्थची गरज नव्हती.

खाली वाळूवर, चढायला सुरुवात करायच्या आधी, प्रत्येक टोळीला तो एक गोष्ट न चुकता सांगायचा. पाण्यात माझा आवाज तुम्हाला येणार नाही आणि तुमचा मला येणार नाही. म्हणून आपण हातानं बोलायचं. पुढच्याचा हात एकदा दाबला म्हणजे थांबा. दोनदा दाबला म्हणजे चला. ज्याचा हात दाबला जाईल त्यानं तो पुढं पाठवायचा. अगदी शेवटच्या माणसाला भीती वाटली तरी ती माझ्यापर्यंत यायला हवी. हे ऐकून लोक गंमतीनं लगेच एकमेकांचे हात दाबायला लागायचे, नवीन लग्न झालेली जोडपी तर जरा जास्तच. ही रीत मास फर्डीची. धबधब्यावरच्या जुन्या माणसांना मास म्हणायचे, आणि फर्डीनं लेनवर्थला बाविसाव्या वर्षी हाताशी धरून हे काम शिकवलं होतं. डोळ्यांनी माणसं मोजत बसू नकोस, तो म्हणायचा, मागं बघायला लागलास की तुझाच पाय चुकेल. हातात काय येतंय ते बघ. आणि खरोखरच यायचं. पहिल्या दोन-तीन वर्षांतच लेनवर्थला हात कळायला लागले. बायकोशी भांडून आलेल्या नवऱ्याचा हात, शिक्षिकेचा हात, जो पैसे टाकून आलोय म्हणून काहीच होणार नाही असं समजतो त्याचा ढिला, गादीसारखा हात. अठराव्या माणसाच्या गुडघ्यात कापरं भरलं की ते एकेका तळव्यातून झिरपत त्याच्यापर्यंत यायचं आणि तो कपारीवर थांबून वाट बघायचा. कुणाला कधी सांगितलं नाही, सांगायला लाजच वाटली असती, पण त्याला वाटायचं की आपल्याला दुसरं काही येत नसलं तरी हे येतं. घरी आइसिल्डा, त्याची बायको, म्हणायची की तुझ्या पोटातलं तोंडावर येत नाही आणि तोंडातलं पोटात राहत नाही, अशा माणसाशी कुणी नांदावं. पण चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे हात धरतात तेव्हा तिचा हात हातात घेतला की तिचा दिवस कसा गेला हे तो ओळखायचा, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

वर पोचल्यावर कॅमेरे ज्याचे त्याला दिले. लोक टॉवेल गुंडाळून बसकडं पांगले. बंदरातून एका जहाजाचा भोंगा झाला. मिसेस लिंडग्रेन मात्र मागं रेंगाळली. भाड्याचे रबरी बूट काढून हातात धरलेले, पायांची बोटं पाण्यानं सुरकुतलेली. ती म्हणाली, "एकदा दाबलं की थांबायचं, असं तुम्हीच सांगितलं होतंत. मी तीनदा दाबला."

लेनवर्थनं डाव्या हातानं तिचे बूट घेतले.

"पहिल्यांदा दाबला तेव्हा तुम्ही थांबला नाहीत. मला राग आला. तिसऱ्यांदा जोरात दाबला, आणि तुम्ही तसेच ओढत राहिलात, तेव्हा मीच हात काढून घेतला. मग वाटलं, हा माणूस इतकी वर्षं हे काम करतोय. मला जमणार आहे हे त्याला कळलं असणार." तिनं बहिणीकडं मान हलवली, ती लांब बाकावर बसून यांच्याकडं संशयानं बघत होती. "गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून तीन वर्षं ती मला हाताला धरूनच फिरवतेय. मी तीस वर्षं शाळेची बस चालवलीय हो, बर्फातून. आज पहिल्यांदा कुणीतरी मला सोडून दिलं."

ह्या वेळी बोलायला हवं होतं. बाई, मला कळलंच नाही, एवढे तीन-चार शब्द. पण तिचा चेहरा असा काही उजळला होता की लेनवर्थला ते तिच्यावर थुंकल्यासारखं वाटलं असतं, निदान त्यानं स्वतःला तसं सांगितलं. तो म्हणाला, "या मॉन." सगळ्याला चालतं ते. हो, नाही, देव तुमचं भलं करो, माफ करा, जेवायची वेळ झाली. तिनं त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि निघून गेली. तिचे हात गरम होते की गार, हे त्याला सांगता आलं नसतं.

वाटाड्यांच्या शेडमध्ये येऊन त्यानं डबा उघडला. बामी, म्हणजे कसाव्याच्या कंदाची भाकरी, खारा मासा, थोडी कॅललूची पालेभाजी. पुढची टोळी साडेबाराला होती, म्हणजे अजून पाऊण तास. तो काटा डाव्या हातात धरून जेवायला लागला, मग शेडच्या दारात कुणीतरी आल्यासारखं वाटून त्यानं तो उजव्या हातात घेतला. इतका सराव झाला होता लपवायचा. आधी पायाची बोटं बधिर झाली. दोन वर्षांपूर्वी. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, साखर आहे तुम्हाला, आता रोज झोपताना पाय उलटसुलट करून बघायचे, जखम झाली तरी तुम्हाला कळायची नाही. ह्या बेटावर साखर निम्म्या लोकांना असते, आईलाही होती, त्यात काय मोठं, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं. पायांचं त्याला फारसं वाटलंही नाही. धबधब्याचे टप्पे डोळे मिटूनही चढता आले असते, पाय नसते तरी चढलो असतो, असं तो स्वतःशी म्हणायचा. हाताचं कळलं ते ईस्टरला. आइसिल्डानं कोळशाच्या चुलीवर भात ठेवला होता. ह्यानं झाकण उचललं आणि हातात धरून तिच्याशी बोलत उभा राहिला, कुठल्या तरी चुलतभावाच्या घराचा पत्रा कसा उडाला ते सांगत. आणि आइसिल्डा त्याच्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघायला लागली. कातडं भाजल्याचा वास आधी तिला आला. तिनं ते झाकण फटकन पाडलं, हात पाण्याच्या बादलीत बुडवला, आणि रात्री मलम लावताना एवढंच म्हणाली, "लेन, ह्या हातानं तू लोकांना वर नेतोस." तो म्हणाला, अगं, बोलण्याच्या नादात झालं. तेव्हापासून चर्चमध्ये ती त्याच्या डाव्या बाजूला बसायला लागली. त्यानं हे पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. चीड आली होती तिची. जिला आपलं दुखणं आपल्या आधी कळतं अशा बायकोची चीड येते. आणि मग त्या चिडीची लाज वाटते, तीही आली होती.

उजव्या हातात एक जाडसर मोजा घातलाय आणि तो काही केल्या निघत नाही, असं असायचं. कधी मध्येच झिणझिण्या यायच्या तेव्हा त्याला बरं वाटायचं, म्हणजे आहे अजून. पकड तशी चांगली होती. ताकद जागच्या जागी होती, गंमत म्हणजे. कुणालाही ओढून वर काढलं असतं त्यानं. फक्त समोरून काही येत नव्हतं. गेले तीन महिने तो पहिल्या माणसाकडं दर टप्प्याला वळून बघत होता आणि तेवढ्यावर भागवत होता. आज बघायचं राहून गेलं. का राहिलं? दमला होता म्हणून. सकाळपासून दुसरी टोळी, बंदरात तीन जहाजं, आणि तो त्रेपन्न वर्षांचा. नुसतं अंग दमलेलं नव्हतं. दर टप्प्याला मागं बघण्यानं, प्रत्येक हाताचा अंदाज डोळ्यांनी घेण्यानं, घरी, इथं, चर्चमध्ये, सगळीकडं हात असा नको तसा धरण्यानं तो दमला होता. लपवणं हे चढण्यापेक्षा जड काम आहे आणि त्याला मध्ये बसायला कपार नाही.

केमार आत आला. आजच्या टोळीच्या शेपटीला तोच होता, पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, कामाला पक्का. त्यानं नारळपाण्याची बाटली तोंडाला लावली, पुसली, आणि म्हणाला की मास लेन, आज बऱ्याच वर्षांनी जुनी थट्टा काढलीत. लेनवर्थ म्हणाला, हो, आली लहर. केमार बसला नाही. बाटलीचं झाकण घट्ट करत, उघडत, परत घट्ट करत तो उभाच होता. मग त्याच्याकडं न बघता हळूच म्हणाला, "तिसऱ्या कुंडापाशी हल्ली दगड जरा बुळबुळीत झालाय, नाही का?"

लेनवर्थच्या हातातला घास तसाच राहिला. त्या धबधब्यावर काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, वाहत्या पाण्याखालचा दगड तिथं बुळबुळीत होत नाही. पाण्यातला चुना दगडावर बसत राहतो, दगड वाढतो, खरखरीत राहतो, म्हणून तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना वर नेता येतं. दगड बुळबुळीत होता, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं असतं. हे वाक्य लेनवर्थनं स्वतः सांगितलं होतं, एकवीस वर्षांपूर्वी, चौकशीला आलेल्या दोन साहेबांना. अपघाताच्या दिवशी मास फर्डी पुढं होता आणि लेनवर्थ त्याच्यामागं, दुसरा. फर्डीचा गुडघा दुमडला हे त्यानं पाहिलं होतं. महिनाभर आधीपासून दुमडतोय, हेही पाहिलं होतं. म्हाताऱ्याला कसं सांगायचं, आणि सांगणारा मी कोण, ज्यानं मला शिकवलं त्यालाच मी शिकवू काय, असं करत तो गप्प राहिला. फर्डी पडला तो लेनवर्थच्या अंगावर, आणि लेनवर्थच्या हातातून त्रिनिदादहून आलेली एक बँकेतली कारकून मुलगी सुटली. जबडा मोडला तिचा. पुढचे दात गेले. पाणी काही वेळ लाल वाहिलं आणि मग नेहमीसारखं झालं, आणि दुसऱ्या दिवशी टोळ्या परत सुरू. लेनवर्थ साहेबांना म्हणाला, दगड बुळबुळीत होता. फर्डीनं मान खाली घातली. तो त्यानंतर कधी वर चढला नाही, आणि लेनवर्थशी कधी धड बोललाही नाही. इतकी वर्षं लेनवर्थला वाटत आलं होतं की आपण म्हाताऱ्याची अब्रू राखली आणि म्हातारा कृतघ्न निघाला. आता केमारच्या तोंडून तेच वाक्य आपल्या पुढ्यात पडल्यावर त्याला कळलं की ते घेताना कसं वाटतं. केमारनं बघितलं होतं. केमारला माहीत होतं, बहुधा बऱ्याच दिवसांपासून. आणि केमार आदरापोटी गप्प राहणार होता, जसा तो राहिला होता, कुणाचा तरी जबडा मोडेपर्यंत.

"नाही," लेनवर्थ म्हणाला. "दगड चांगला आहे."

केमारनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, मान डोलावली आणि बाहेर गेला. त्याच्या जाण्यात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

डबा अर्धाच ठेवून लेनवर्थ उठला. टोळ्या वाटून देणाऱ्या पर्लीनची खोली पन्नास पावलांवर होती आणि ती पन्नास पावलं त्याला त्या दिवशी धबधब्याहून लांब वाटली. जाऊन सांगायचं. सांगितलं की मग काय? फाटकाशी तिकिटं फाडायला बसवतील. नाहीतर बूट धुवायला. लोक आत जाताना विचारतील, वर जायला फार अवघड आहे का हो? आणि तो सांगेल, मुळीच नाही. किंवा घरीच बसवतील. आइसिल्डा काही म्हणणार नाही, आणि तिचं काही न म्हणणं सगळ्यात वाईट. दुसरीकडं त्याला असंही वाटत होतं, आणि ह्याचीच त्याला जास्त भीती वाटली, की आता कुठंतरी नुसतं बसावं. कुणाचाच हात नको.

पर्लीन त्याला बघून उठूनच उभी राहिली. दोघं एका शाळेत होते, एका बाकावर नव्हे पण एका वर्गात, आणि ती त्याला लेन म्हणणाऱ्या थोड्या माणसांपैकी एक. खोली लहान, पंखा फिरत होता, टेबलावर टोळ्यांच्या रंगीत चिकटपट्ट्या. तिच्या हातात एक कार्ड होतं आणि तोंडभर हसू. बस बंदराला जायच्या आधी एका बाईनं बसमध्ये बसून लिहून दिलं होतं. पर्लीननं ते वाचूनच दाखवलं. ह्या माणसानं माझा हात योग्य वेळी सोडला, असं बाईनं लिहिलं होतं. हात धरणारे पुष्कळ भेटतात. पर्लीन म्हणाली की नऊ वर्षांत असं कार्ड तिनं पाहिलं नाही, आणि हे ती भिंतीवर लावणार आहे. शिवाय साडेबाराची टोळी म्हाताऱ्यांच्या कुठल्या क्लबची आहे, बावीस जण, दोघांना नीट दिसत नाही. मी विचारच करत होते कुणाला देऊ, आता प्रश्नच मिटला, तुझ्याशिवाय दुसरं कोण.

"पर्लीन, मी सोडला नाही," लेनवर्थ म्हणाला.

तिला कळलं नाही.

"तिचा हात. मी सोडला नाही. सुटला, आणि मला कळलं नाही. तिनं तीनदा दाबला होता."

पर्लीन हसली. मग म्हणाली, काहीतरी बोलू नकोस, दमलायस तू, एक टोळी दुसऱ्याला देते हवं तर, उद्या ये ताजातवाना होऊन. असं सगळ्यांनाच होतं कधीतरी. पाणी गार असलं की माझीही बोटं बधिर होतात. ती खरोखरच चांगुलपणानं बोलत होती, आणि लेनवर्थला दिसत होतं की आता आपण फक्त हो म्हणायचं आहे. उद्या परत यायचं, आणि कार्ड भिंतीवर असेल. इतकं सोपं होतं ते. त्यानं खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला आणि चिकटपट्ट्या बाजूला सारून उजवा हात टेबलावर तळवा वर करून ठेवला. बोटांच्या पेरांवर ईस्टरच्या भाजल्याचे फिकट गुलाबी डाग होते.

"मी डोळे मिटतो," तो म्हणाला. "तू दाब. हवं तेव्हा दाब, मला न सांगता. मी सांगतो तुला."

"लेन, हे काय पोरखेळ..."

"दाब म्हटलं ना."

त्यानं डोळे मिटले. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर साडेबाराची बस लागल्याचा आवाज आला, माणसं उतरायला लागली, कुणीतरी म्हाताऱ्या आवाजात विचारत होतं की बूट कुठं मिळतात. खाली कुठंतरी केमार ओरडला, सगळे म्हणा, या मॉन. लेनवर्थ वाट बघत होता. त्यानं सगळा जीव त्या हातात नेऊन ठेवला, जसा बाविसाव्या वर्षी ठेवायचा, आणि मनातल्या मनात विनवणी केली, देवाची की हाताची त्याचं त्यालाच कळलं नाही. थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला. पर्लीनचा श्वास मात्र त्याला जवळून ऐकू येत होता, तो जरा विचित्र, अडकत अडकत येत होता. तिला हे अवघड जात असावं, त्याला वाटलं, शाळेतल्या ओळखीच्या माणसाचा हात असा हातात घेणं. त्याला तिची कीव आली.

"लाजू नकोस," तो डोळे मिटूनच म्हणाला. "जोरात दाब. मला काही होत नाही."

मग पर्लीनचा आवाज आला, अगदी बारीक, रडवेला.

"केव्हाची दाबतेय रे मी."